पणजीचे नाव काय?

आज सर्वपित्री अमावास्या. पुण्यात ओंकारेश्वराच्या बाजूला सकाळपासून गर्दी आहे आणि त्या गर्दीत एक प्रसंग दर चार पाटांआड घडतो. पन्नाशीचा यजमान, बोटात दर्भाचे पवित्रक, समोर तिळाचे पाणी. गुरुजी विचारतात, ‘पिता?’ नाव लगेच येते. ‘पितामह?’ तेही येते. ‘प्रपितामह?’ इथे यजमानाचा मोकळा हात खिशातल्या फोनकडे जातो. पलीकडून नागपूरची नाहीतर बडोद्याची आत्या नाव सांगते, आणि गाडी पुढे सरकते. मग गुरुजी स्त्रियांकडे वळतात. माता, पितामही, आणि प्रपितामही. आता आत्याही गप्प होते. ‘अरे, त्यांना सगळे माई म्हणायचे,’ एवढेच तिला आठवते. गुरुजींना याची सवय आहे. अडला यजमान पुढे कसा न्यायचा, हे शास्त्राने आधीच सांगून ठेवले आहे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचे. लोक विसरणार, हे धर्मशास्त्रकारांनी गृहीतच धरले होते म्हणा ना.

पेशव्यांच्या पाच पिढ्या घडाघडा म्हणणारे हे शहर. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी उभा राहणारा कोणीही तुम्हाला बाळाजी विश्वनाथांपासून दुसऱ्या बाजीरावापर्यंत आणून सोडेल. त्याला त्याच्या स्वतःच्या पणजोबांचे नाव विचारा. बहुतेकांची मजल तिसऱ्या नावाला संपते, आणि स्त्रियांची तर दुसऱ्यालाच. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण अलीकडे अनेकांना अचानक चौथे, पाचवे, सहावे नाव हवे झाले आहे. कुणाला हौस म्हणून, कुणाला परदेशातल्या नातवाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी, आणि फार मोठ्या संख्येने लोकांना जातीच्या दाखल्यासाठी. त्यामुळे वंशावळ हा शब्द देवघरातून उठून तहसील कचेरीच्या रांगेत आला आहे.

खरे तर तो तिथलाच. आपल्याकडे वंशावळ निव्वळ हौसेने फारशी कुणी लिहिली नाही. ज्याला तिची गरज पडली त्याने ती लिहिली किंवा दुसऱ्याकडून लिहवून घेतली. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवशी समजून घेतली तर त्याचे पुढचे सहा महिने वाचतात.

पुण्यातल्या कौन्सिल हॉलजवळच्या त्या जुन्या दगडी इमारतीचेच घ्या. आपण तिला पेशवे दफ्तर म्हणतो. 1891 सालच्या या वास्तूत सुमारे 39 हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. त्यातल्या निवडक कागदांचे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंड काढले. ते काम डोंगराएवढे होते, आणि तरी दफ्तर जिथल्या तिथेच राहिले. पण हे सगळे एका छपराखाली कसे आले? इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. इंग्रजांना प्रश्न पडला होता तो सारामाफीचा. पेशवाईत दिलेली इनामे खरी कोणती, खोटी कोणती, आणि खरी असली तरी किती पिढ्या चालू ठेवायची? 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला दात आले आणि दख्खनभरचे इनामदार आपापल्या सनदा, कैफियती आणि वंशावळी घेऊन हजर झाले. मूळ इनाम कुणाला मिळाले, त्याचे पुत्र किती, निपुत्रिक किती, दत्तक कुठे आला, हे सगळे लिहून द्यावे लागले. दफ्तर सांभाळणाऱ्या कचेरीचे नावच पुढे कितीतरी वर्षे ‘एलिएनेशन ऑफिस’ असे होते. म्हणजे ज्या जमिनीवर सरकारचा सारा नाही त्या जमिनीची कचेरी.

अशा कैफियतीतली वंशावळ वाचताना तिच्यात काय नाही याकडे आधी पाहावे. ज्या भावाचा इनामात हिस्सा नव्हता, तो तिथे नसण्याचीच शक्यता जास्त. मुली बहुधा नाहीत. घर सोडून ग्वाल्हेर-इंदूरला शिलेदारीला गेलेला धाकटा चुलता कदाचित एका टिंबात संपलेला असतो, ‘नकल’ म्हणून. नकल झाले म्हणजे वंश बुडाला. पण बुडाला तो इनामाच्या हिशेबापुरता. त्याचे खापरपणतू आज उज्जैनला आहेत आणि तेही इकडे पूर्वज शोधत फिरत आहेत, असे घडू शकते आणि घडते.

तीर्थक्षेत्रांतल्या वह्यांचे गणित याहून वेगळे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्याची नामावळ असते. नाशिकला रामकुंडापाशी उतरलात की पहिला प्रश्न येतो, ‘आडनाव?’ आणि लगेच दुसरा, ‘मूळ गाव?’ तुम्ही कोथरूड म्हणालात तर ते हसतात. त्यांची वही फ्लॅटच्या पत्त्याने लागत नाही. आजोबांचे आजोबा ज्या गावाहून बैलगाडीने निघाले त्या गावाने ती लागते. गाव बरोबर सांगितले तर लाल कापडातली लांबट वही निघते आणि तुमच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने केलेली सही समोर येते. बरोबर कोण होते, कोणाच्या अस्थी आणल्या, मुलगे किती, हे सारे तिथे असते. उपाध्यायांनी हे जपले, कारण यजमान हीच त्यांची वतनवाडी. वह्यांच्या वाटण्याही भावाभावांत झालेल्या आहेत. म्हणून एका उपाध्यायाकडे पान सापडले नाही तर त्यांच्या चुलतभावाकडे विचारायचे. शोध घेणारे पुष्कळ लोक पहिल्याच ओट्यावरून परत फिरतात, ते एवढ्याशा अज्ञानामुळे.

कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे हेच काम हेळवी करतात. सुगी झाली की ते दारात येतात, कुळाच्या पिढ्या म्हणून दाखवतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातात. तिथला कुणबी-लिंगायत शेतकरी आपल्या सात-आठ पिढ्या हेळव्याच्या तोंडून ऐकतो. ज्यांच्या घरी कागदाचा कपटा नाही, त्यांची वंशावळ दुसऱ्याच्या चोपडीत शाबूत असते.

आता लिपीची गोष्ट. पुण्यातल्या कित्येक माळ्यांवर एखादी पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यात मोडी कागद आहेत. ‘आजोबांचे काहीतरी महत्त्वाचे’ म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या न वाचता सांभाळलेले. भारत इतिहास संशोधक मंडळात अशी दप्तरे येत राहिली. 1910 साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी मंडळ काढले, तेव्हा राजवाडे गावोगाव फिरून वाण्याच्या पुडीला जाणारे कागद वाचवत होते. तिथे आणि पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग चालतात. निवृत्त बँक कारकून, शिक्षिका, वकील, आणि आता विशीतली मुलेही त्या बाकांवर दिसतात.

मोडी अवघड आहे ती अक्षरांमुळे नव्हे. अक्षरे दोन महिन्यांत लागतात. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि बोरू न उचलता शब्दाला शब्द चिकटवत जायचे, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करायची नाही, ही लिहिणाऱ्याची सोय. वाचणाऱ्याचे मात्र हाल होतात. खरी मेख आहे ती सालात. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे कागदाच्या डोक्यावर असते आणि नवखा माणूस तिथेच हात टेकतो. अरबी आकडे उलटे वाचायचे असतात. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले 1161. हे शुहूर सन. मृगाला ते बदलते. त्यात 599 मिळवा म्हणजे 1760 च्या मृगापासून 1761 च्या मृगापर्यंतचे वर्ष आले. आणि त्या वर्षाच्या मधोमध, 14 जानेवारीला, पानिपत आहे. या एका सनाच्या कागदानंतर एखाद्याचे नाव घरच्या कागदांतून गेले, तर ते का गेले हे सांगायला वेगळा पुरावा बहुधा लागत नाही.

बहुधा म्हटले ते जाणूनबुजून. पानिपतावर पडलेल्यांत सदाशिवरावभाऊ होते, तरी काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक इसम उभा राहिला आणि त्याच्यामागे माणसेही जमली. शेवटी 1776 मध्ये त्या तोतयाला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मात्र 1783 साली आपण जाईपर्यंत वैधव्य पत्करले नाही. एका माणसाची ओळख पटवणे किती जड जाते ते पुण्याने असे सबंध शहरानिशी पाहिलेले आहे. आपण घरातल्या एका जुन्या फोटोवर ‘हेच पणजोबा’ असे पेनाने लिहून मोकळे होतो. कुणी सांगितले, कशावरून, हे त्या फोटोमागे लिहायला काय हरकत आहे?

नावांचा घोळ तर विचारूच नका. आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे ही आपली रीत प्रेमळ खरी, पण वंशावळीत तिने फार घोटाळे केले आहेत. पुन्हा पेशव्यांकडेच पाहा. शंभर वर्षांत दोन बाजीराव, दोन माधवराव, दोन चिमाजीअप्पा. थोरल्या बाजीरावांचे पाळण्यातले नाव तर विसाजी. नानासाहेब म्हणाल तर एक पर्वतीवर वारले आणि दुसरे 1857 च्या धामधुमीत दिसेनासे झाले. हे राजघराणे म्हणून सगळे उलगडते. साध्या घरात ‘गोविंद बिन बाळाजी बिन गोविंद बिन बाळाजी’ अशी माळ असते आणि नकलून घेणाऱ्याच्या नजरेतून मधली दोन नावे सुटतात. दोनशे वर्षांत चारच पिढ्या दिसल्या की समजावे, कुणाची तरी ओळ गळली आहे. पिढीला पंचवीस-तीस वर्षे, हा हिशेब बोटांवर होतो. पण तो फार थोडे लोक करतात. सापडलेल्या वंशावळीला पहिला नमस्कार करायचा आणि मग तिची बेरीज-वजाबाकी करायची, असा क्रम असावा. आम्ही पाहिले आहे की नमस्कारावरच काम थांबते.

वर ‘बिन’ आले. हे छोटे शब्द ओळखता आले पाहिजेत. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. मराठवाड्या-वऱ्हाडच्या कागदांत तोच वलद होतो. बाईच्या नावापुढे कोम आले की अमक्याची बायको; कुठे भ्र., म्हणजे भ्रतार. बिन सोडून कोम वाचला तर सासरा नवरा होतो आणि पुढची सगळी पाने चुकतात.

आडनाव हा त्याहून मोठा सापळा. पुण्याच्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक घ्या. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. तिथून ते पुरंदरातल्या खानवडीला आणि मग पुण्यात आले. फुलांच्या धंद्यावरून फुले हे नाव पडले. उद्या कुणी कटगुणच्या जुन्या कागदांत ‘फुले’ शोधत बसला तर त्याला शून्य सापडेल, आणि तो शोधणारा हुशार असला तर ‘हे घराणे इथले नव्हेच’ असा निष्कर्षही काढेल. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, जोशी ही तर हुद्द्यांची नावे. त्यांच्याखाली दुसरेच आडनाव झाकलेले असते. अशा वेळी आडनाव सोडून कुलदैवत, देवक, गोत्र यांकडे वळावे. देवकाच्या आणि कुळांच्या जाळ्यातून इरावती कर्वे यांनी डेक्कन कॉलेजात बसून मराठी समाजाचे केवढे तरी वाचन केले. कोकणातल्या समुद्रकाठच्या घराण्यांची कुलस्वामिनी बालाघाटावरच्या अंबेजोगाईला कशी, याचे समाधानकारक उत्तर देणाऱ्या कथा पुष्कळ आहेत. पण घराणी हलतात तेव्हा आडनाव बदलले तरी नवसाची जागा सहसा बदलत नाही, एवढे धरून चालता येते.

दत्तक हा वंशावळीतला सर्वांत चिवट प्रश्न. कागदावर तो एका तुटक रेघेने दाखवतात. प्रत्यक्षात त्या रेघेवर माणसांची आयुष्ये खर्ची पडतात. पुण्याचे सरदार बाबा महाराज 1897 मध्ये वारले, विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते, 1901 मध्ये औरंगाबादेत दत्तविधान झाले, आणि ते खरे की खोटे हे ठरायला त्यांच्या विधवेचे, ताई महाराजांचे, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन 1915 साल उजाडले. याच पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी 1874 मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. रक्ताची वंशावळ काढणाऱ्याला हे पान कुठे डकवावे ते कळणार नाही. डीएनए चाचणीसाठी गालाच्या आतून पुसलेला नमुना परदेशी पाठवला की आपले कूळ कळते म्हणणाऱ्यांनाही कळणार नाही. त्या चाचणीतून दूरचा चुलतभाऊ सापडेलही. फुल्यांचा मुलगा सापडणार नाही.

आता त्या लोकांकडे, ज्यांना ही हौस परवडत नाही. गेल्या काही वर्षांत वंशावळ शोधणाऱ्यांची जी खरी लाट आली ती जातपडताळणीची. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. या तारखा आता कित्येक घरांत वाढदिवसांसारख्या पाठ आहेत. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा गावोगावची कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे, हक्कनोंदणीचे फेरफार, खासरापत्रके, कडईपत्रके बाहेर निघाली. लाखो नोंदी सापडल्या. आरक्षणाच्या वादात आज शिरायचे नाही. पण एक परिणाम नोंदवलाच पाहिजे. जे मोडी जाणणारे लोक कालपर्यंत छंदी समजले जात, त्यांच्या दारात तहसीलदाराची गाडी उभी राहिली. आणि शेतकऱ्याच्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या खापरपणजोबांचे नाव कळले, ते एका जन्ममृत्यूच्या वहीतल्या खंगलेल्या शाईतून.

तहसीलच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला आमचे सांगणे एवढेच, की सातबाऱ्यावरून थेट उडी मारू नका. सातबारा आजचा. त्याच्या मागे फेरफार असतो, त्यात वारसाची नोंद असते, आणि त्या नोंदीत कधी कधी सगळी भावंडे, बहिणींसह, वयांसह लिहिलेली सापडतात. बहिणींनी हक्कसोड केलेली असते, म्हणून तरी त्यांची नावे कागदावर येतात. शहरातल्यांनी सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकापासून मागे जावे. शाळेचे जनरल रजिस्टर तर सोने आहे. जुनी मराठी शाळा अजून उभी असेल तर मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि प्रवेश-निर्गम उतारा घ्या. जन्मतारीख तिथे खरी असेलच असे नाही. निम्म्या महाराष्ट्राचा जन्म 1 जूनला झाला आहे, हे आपण जाणतोच.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती, वतन नव्हते, शाळेत पाऊल ठेवायला जागा नव्हती, त्यांचे काय? त्यांची नावे कुणाच्या तरी दुसऱ्या गरजेतून उरली. पुण्याहून नगर रस्त्याने जाताना पेरणे फाट्याजवळ तो स्तंभ लागतो. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कंपनी सरकारने त्यावर कोरली, कारण कंपनीला आपली बाजू सांगायची होती. त्या नावांत ‘नाक’ अखेरीला असलेली नावे ओळीने येतात. महार घराण्यातल्या पुरुषांची इतकी जुनी, इतक्या ठळक अक्षरांतली यादी शोधून तरी कुठे सापडेल? त्याच शतकात पुढे कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचेही तसेच. जहाजावर चढताना नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची आणि अंगावरची खूण, सगळे लिहून घेतले गेले. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून. आज त्यांचे पणतू मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्यांतून आपले गाव शोधतात आणि चिठ्ठी हातात घेऊन रत्नागिरीत उतरतात. कोकणात राहिलेल्या त्यांच्या भाऊबंदांकडे, बिचाऱ्यांकडे, असा एकही कागद नसतो. दुसऱ्या टोकाला तंजावर. सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले वंशाची सगळी हकिगत बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतली. राजाला वंशावळीसाठी भिंत पुरत नव्हती, आणि मजुराची वंशावळ त्याच्या गालावरच्या तिळापाशी आली.

आणि बायका? विसाव्या शतकात पुण्या-मुंबईत कोकणस्थांच्या कितीतरी आडनावांचे कुलवृत्तांत छापले गेले. शेकडो पानांची ती पुस्तके चिकाटीने केलेली आहेत, टिंगल करण्याजोगी मुळीच नाहीत. पण एखादे उघडून पाहा. पुरुषाची विद्या, नोकरी, बदल्या, पेन्शन. मग ‘पत्नी’ आणि सासरचे नाव. माहेरचे नाव कंसात, तेही असले तर. लग्नात तांदळाच्या ताम्हनात अंगठीने नवे नाव लिहिले की जुने पुसले गेले, अशी आपली चाल. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुना. टिळकांच्या सत्यभामाबाई म्हणजे बाळांची तापी. धोंडो केशव कर्व्यांशी 1893 मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई आधी गोदूबाई होत्या, आणि त्यांची आडनावे जोशी, नातू, कर्वे अशी तीन. या प्रसिद्ध बायका म्हणून त्यांची जुनी नावे टिकली. बाकीच्या लाखो यमुना कुठे गेल्या त्याचा माग लागत नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारने लावला आहे. शंभर वर्षांनी शोध घेणाऱ्याची एक अडचण त्याने दूर होईल. आपली होणार नाही.

पण एक जागा आहे. स्वयंपाकघराचा माळा.

आमच्या माहितीतले सदाशिव पेठेतले एक गृहस्थ, वाडा पाडून इमारत व्हायची म्हणून गेल्या उन्हाळ्यात माळा उपसत होते. घंगाळ, सतेली, पळी-पंचपात्री, परात, सगळे पितळेचे आणि तांब्याचे. मुलगा म्हणाला, मोडीत घालू. भंगारवाला तराजू घेऊन अंगणात बसलाही. घंगाळ उलटे ठेवले तेव्हा काठाखाली छिन्नीने एकेक ठिपका देऊन काढलेली अक्षरे दिसली. चिंचेने घासल्यावर वाचता आली. एका बाईचे नाव, ‘भ्र.’ करून पणजोबांचे नाव, आणि शके 1821. लग्नातले आंदण असावे.

अडचण अशी, की श्राद्धाच्या यादीत पणजीचे नाव दुसरेच होते. त्यांना आधी वाटले, घंगाळ चुकून दुसऱ्यांचे आले. पूर्वी पंगतीला भांडी घरोघरून जात. ती परत आपल्याच घरी यावीत म्हणून तर नावे घालायची. पण पणजोबांचे नाव स्पष्ट होते. मग त्यांनी आजोबांच्या शाळेचा उतारा काढला. आजोबांचा जन्म 1895 चा. शके 1821 मध्ये 78 मिळवले की 1899 येते. म्हणजे घंगाळातली बाई घरात आली तेव्हा आजोबा चार वर्षांचे होते. ती त्यांची आई असणे शक्य नाही. मधल्या काळात, 1897 मध्ये, पुण्यात प्लेग होता. त्या सालच्या मृत्यूच्या नोंदीत यादीतली पणजी सापडली, वय 19. घंगाळवाली दुसरेपणावर दिलेली. तिला मूल झाले नाही, म्हणून यादीत ती नाही. तिचे नाव घ्यायला तिच्या पोटचे कुणीच नव्हते. आजोबांना वाढवले ते तिनेच. ‘माई’ ती हीच. त्यांच्या आत्याला आठवत होते ते नाव नसून हाक होती, एवढेच.

घंगाळ मोडीत गेले नाही. भंगारवाल्याने सतेली आणि परात तोलून नेली. त्यांच्या काठाखाली काय होते ते कुणी पाहिले नाही.

आज सकाळी हे गृहस्थ घाटावर बसले होते. प्रपितामहीचे नाव त्यांनी न अडखळता सांगितले. मग थांबून म्हणाले, ‘गुरुजी, आणखी एक नाव आहे. सावत्र पणजी. हिचं घेता येतं का?’ गुरुजींनी पोथीचे पान मागे-पुढे केले. महालयात सापत्न मातेला जागा आहे, ती तिथे छापलेली होती. सापत्न प्रपितामहीची ओळ काही दिसेना. मागे पुढचा यजमान पाटाची वाट पाहत उभा होता.

‘गोत्र तुमचंच,’ गुरुजी म्हणाले. ‘नाव सांगा.’